तक्रार न करणारी करवत

गोरेगावात पावसाळ्यापूर्वीच्या फांदीछाटणीच्या कामात मी बरीच वर्षं आहे, आणि यंदा आमच्याकडे नवी व्यावसायिक चेनसॉ आली आहे. दोन महिन्यांच्या वापरानंतर ती उत्तम वाटते. दुसऱ्या झटक्याला सुरू होते, जुनीपेक्षा हलकी आहे, हाताला कंप कमी देते, आणि सोनमोहराची मांडीएवढी फांदी न अडखळता कापते. तरीही तिच्यावर विसंबून जुनी विकून टाका, असं मी कोणाला सांगणार नाही. मला तिच्यात दोष सापडला म्हणून नव्हे. दोष असता तर तो आतापर्यंत मला कळला असता का, याचीच मला खात्री नाही.

जुन्या चेनसॉच्या कार्बोरेटरला बाहेरून फिरवायचे स्क्रू असतात. पेट्रोल कमी आणि हवा जास्त जाऊ लागली की तिचा आवाज चढतो, ती किंचाळते. पेट्रोल जास्त झालं की गुरगुरते, धूर ओकते. कान तयार झालेला कामगार पेचकस घेऊन पाव फेरा देतो आणि पुढे कामाला लागतो. नव्या पिढीच्या व्यावसायिक करवतींत हे काम एक छोटा संगणक करतो. २०१९ साली बाजारात आलेल्या श्टीलच्या एमएस ५००आय या मॉडेलमध्ये तर कार्बोरेटरच नाही, पेट्रोल इंजेक्शनने जातं. आमची करवत त्या जातीची नाही, तिला कार्बोरेटर आहे, पण त्याची सूत्रं संगणकाकडे आहेत. हवा तापली, फिल्टरवर भुसा बसला, पेट्रोल बदललं, तरी ती स्वतःला जुळवून घेते. यातला फायदा उघड आहे, मला तो रोज मिळतो. पण त्याचबरोबर एक गोष्ट हातातून जाते. फिल्टर अर्धा चोंदला आहे किंवा कुठल्याशा सांध्यातून हवा आत शिरते आहे, हे पूर्वी आवाज सांगायचा. आता आवाज तोच राहतो. यंत्र सांभाळून घेत राहतं, आणि सांभाळण्याची मर्यादा संपते तेव्हाच गप्प होतं. म्हणून पहिल्या दोन महिन्यांचा सुरळीतपणा हा टिकाऊपणाचा पुरावा मी मानत नाही.

ही शंका आपल्याकडे अधिक गंभीर होते ती पेट्रोलमुळे. २०२२ च्या जूनमध्ये देशातल्या पेट्रोलमधलं इथेनॉल १० टक्क्यांवर पोचलं, २०२३ पासून २० टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ मध्ये तेच सर्वत्र झालं. अनेक चेनसॉच्या माहितीपुस्तिकांत मात्र मर्यादा १० टक्क्यांचीच छापलेली आहे. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळे तेवढ्याच पेट्रोलवर इंजिन कोरडं आणि गरम चालतं. व्यावसायिक करवत मिनिटाला १३,००० च्या वर फेरे घेते. तिथे थोडी जास्त उष्णताही पिस्टनवर ओरखडे काढायला पुरते. दुसरी गोष्ट ओलाव्याची. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि गोरेगावच्या पावसाळ्यात हवेतच पाणी असतं. कॅनमध्ये भरून ठेवलेल्या मिश्रणात पाण्याचं प्रमाण एका हद्दीपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतात; वंगणासाठी मिसळलेलं टूटी ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. तेलाचं लिटरला २० मिली हे प्रमाण कितीही काटेकोर पाळलेलं असो, टाकीतली नळी तळातूनच ओढते. चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगणाची वेगळी टाकी नसते, त्यामुळे त्या क्षणी ते वंगणाशिवाय फिरत असतं. संगणक मिश्रण जुळवू शकतो, पण तेल आणू शकत नाही.

एवढी चिंता एका करवतीची कशाला, असं कोणी विचारेल. बंद पडली तर दुसरी घ्यावी. बंगल्याच्या आवारात, जमिनीवर पडलेला ओंडका कापताना हे म्हणणं मला मान्य आहे. आरे रोडवर किंवा स्वामी विवेकानंद मार्गावर परिस्थिती वेगळी असते. वर माणूस दोरावर असतो, खाली वाहतूक थांबवलेली असते, शेजारून तारा गेलेल्या असतात. मोठी फांदी कापताना आधी खालून खाच घेतात, मग वरून कापतात, नाहीतर ती आपल्या वजनाने मोडून खोडाची साल सोलत खाली येते. वरचा काप अर्ध्यावर असताना करवत बंद पडली तर नेमकं तेच होतं, माणसाच्या जिवाला धोका होतो तो वेगळाच. गुलमोहराचं लाकूड तर ठिसूळच. सोललेल्या जागेत पाणी मुरून झाड कुजतं आणि काही पावसाळ्यांनी रस्त्यावर येतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने मुंबईत शेकडो झाडं पाडली, तेव्हा रस्ते मोकळे करायला ज्या करवती हव्या होत्या, त्या त्याच घटकेला सुरू होणाऱ्या हव्या होत्या.

आरेच्या जंगलाशेजारी राहून चेनसॉच्या भरवशाची काळजी करणं काहींना खटकेल, हेही मी जाणतो. २०१९ च्या ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने आरेतल्या मेट्रो कारशेडसाठीच्या झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली, आणि ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवेपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती. कुऱ्हाडींनी हा वेग शक्यच नव्हता. ती वेदना मलाही आहे. पण तोड थांबते ती परवानगी नाकारल्याने, करवत बिघडल्याने नव्हे. जे झाड राखायचं आहे त्याची छाटणी मात्र बिघडत्या करवतीने निश्चित बिघडते.

बॅटरीची करवत घ्या, पेट्रोलचा प्रश्नच मिटेल, हा सल्ला अधिक विचार करण्यासारखा आहे. मनगटाएवढ्या फांद्यांसाठी मी तो स्वीकारतो. पण मोठ्या कामात चित्र असं असतं: पावसात आडव्या झालेल्या वर्षावृक्षाचं खोड, वीज गेलेली, आणि रस्त्यालगतच्या झाडांत फलकांचे खिळे, रोषणाईच्या तारा वाढत्या सालीखाली बुजलेल्या. एक खिळा लागला की चेनचे दात बोथट होतात, मोटारीवर ताण येतो आणि बॅटरी भराभर उतरते. गोल कानस मारून दातांना धार लावता येते, चार्जिंग मात्र झाडाखाली मिळत नाही. तेव्हा निदान या कामापुरती पेट्रोलची करवत राहणार, आणि तिचं ऐकू न येणारं दुखणं शोधायची जबाबदारीही आपल्यावर राहणार.

त्यासाठी मी कानाऐवजी डोळ्यांवर भिस्त ठेवली आहे. मिश्रण त्या दिवसापुरतंच करायचं, संध्याकाळी टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, फिल्टर आवाजाची वाट न बघता रोज झटकायचा, प्लग दर आठवड्याला काढून बघायचा. तो विटकरी-तपकिरी दिसला तर ठीक, पांढुरका दिसला तर इंजिन तापतं आहे. विक्रेत्याकडे हिच्या संगणकाला जोडायचं तपासणी-यंत्र आहे का, आणि नसेल तर ते किती लांब आहे, हे खरेदीआधी विचारायला हवं होतं. ते मी नंतर विचारलं. आता खंडेनवमीला हत्यारं पुसून मांडताना सायलेन्सर उतरवायचा, त्यामागच्या भोकातून बॅटरीच्या उजेडात पिस्टनची बाजू बघायची. त्यावर उभे ओरखडे नसले, तर जुनी विकायचं बोलता येईल.