खतावणीतील दुसरी नोंद
आरे-वारेच्या चढावर मोटार थांबली, तेव्हा आप्पांनी समुद्राकडे पाहत विचारले, ‘‘हे कोणते गाव?’’ अर्ध्या रत्नागिरीची उधारी ज्यांना तोंडपाठ होती, ते आप्पा! अल्झायमरवरील लेकानेमॅब या प्रतिपिंड-औषधाविषयी मुलाने डॉक्टरांना विचारून पाहिले होते. अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळालेले हे औषध पंधरवड्यातून एकदा शिरेवाटे देतात. मेंदूतील अमायलॉइडचे थर त्याने हटतात. अठरा महिन्यांच्या चाचणीत ऱ्हास सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला. गेलेले मुद्दल मात्र परतत नाही, आणि उपचार केवळ आरंभीच्या अवस्थेतच. जनुकोपचार तर अद्याप चाचण्यांतच आहेत. चार वर्षांपूर्वी खतावणीत एकच नोंद दोनदा आली होती. ‘वय झाले’ म्हणत घरच्यांनी ती खोडली होती.

‘‘आरे-वारे, आप्पा,’’ मुलगा म्हणाला. थोड्या वेळाने तोच प्रश्न पुन्हा आला.