ऊन आणि वारा

वाळवण म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे ऊन उभे राहते. वाऱ्याची आठवण सहसा कोणास होत नाही. फाळणीनंतर उल्हासनगरास येऊन वसलेल्या सिंधी कुटुंबांनी पापडाचा धंदा नावारूपास आणला, त्याचे श्रेयही आम्ही मनाशी उन्हालाच देऊन मोकळे झालो होतो. परंतु पातळ पापडाला जे ऊन पुरते, ते जांभळाच्या गराला पुरत नाही.

बदलापूरचे जांभूळ पिकते ते पावसाच्या तोंडावर, म्हणजे नेमके सूर्य रजेवर निघतो तेव्हा. तेथील एका बचत गटातील बायकांनी त्याची पोळी करून विकण्याचा बेत केला. पहिली पोळी गच्चीवरच बुरसली. चार बुके वाचलेला माणूस म्हणून त्या आमच्याकडे आल्या. आम्ही गंभीरपणे सांगितले, "उष्णता वाढवा." त्यांनी पत्र्याच्या पेटीवर काच बसविली, पोळी वरून कातड्यासारखी कडक आणि आतून ओलीच राहिली. तीही फेकावी लागली. भांडवल त्यांचे बुडाले, सल्ला मात्र आमचा होता.

"सर, पेटी तापली खरी, पण आतली वाफ जायची कुठून?" त्यांतील एका वयस्क बाईंनी विचारले. आमची पदवी निरुत्तर झाली.

३० अंश सेल्सियसची, ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा ४५ अंशांपर्यंत तापविली, तर तिची आर्द्रता सुमारे ३५ टक्क्यांवर येते. पाणी तेवढेच, पण हवेची तहान वाढलेली! मात्र तहान भागलेली हवा बाहेर न गेली, तर तीच फळाचा घात करते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून निघालेल्या तरुणांच्या एस४एस टेक्नॉलॉजीजने सौर वाळवणयंत्रे खेड्यांतील स्त्रियांच्या हाती दिली व २०२३ साली अर्थशॉट पारितोषिक मिळविले. त्यांच्या यशाची वार्ता आम्ही वर्तमानपत्रात वाचली होती. तिचा अर्थ मात्र त्या बाईंनी शिकविला.

पुढे अंबरनाथच्या एका पत्रेकाम करणाऱ्याकडून पेटीस खाली भोके आणि वर धुराडे करून घेतले. ढगाळ दिवसांसाठी विजेचे दिवे व लहानसा पंखा बसविला. गराचा थरही पातळ केला. या खेपेस पोळी वाळली. बाईंनी आम्हांस एक तुकडा दिला. तो आंबटगोड होता, आणि मागाहून किंचित तुरट. तुरटपणा जांभळाचाच असावा, असे आम्ही समजतो.