वाडीतल्या केळी मोडू नकोस

निर्मळ, वसई

प्रिय अजित,


नाताळात आपल्याकडे घरोघरी वाईन होते, मग तिची द्राक्षं आपल्याच वाडीत का पिकवू नयेत, असं तू विचारलंस. तुझी हौस मला मनापासून आवडली. तरी माझं उत्तर ‘नको’ असंच आहे.

वेल इथं जगेल, मांडवभर पसरेलही. पण वाईनचं द्राक्ष नुसतं गोड होऊन भागत नाही, त्यातला आंबटपणा टिकावा लागतो. दिवसाच्या उन्हात साखर भरते. रात्र उबदार असली, की मण्यातलं आम्ल झपाट्यानं घटतं आणि रस मिळमिळीत होतो. नाशिक जवळपास सहाशे मीटर उंचीवर आहे, निफाडला तर जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवरही येतो. आपल्याकडे समुद्र रात्री तेवढा गारवा पडू देत नाही. त्यात ही दमट हवा, म्हणजे केवडा आणि भुरी आलीच. घराला आणि विहिरीला लागून असलेल्या वाडीत सारखी फवारणी करत बसणार का?

नाशिकला तू एकदा छाटणीच्या वेळी जाच. युरोपातला वेल हिवाळ्यात झोपतो, म्हणून तिथं एकदाच छाटतात. आपल्या हवेत तो झोपत नाही. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून नव्या काड्या वाढवतात, त्या काड्यांच्या डोळ्यांत घड तयार होतो. पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, मग प्रत्येक डोळ्यावर हातानं पेस्ट लावायची, म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात. खायच्या द्राक्षासारखे वाईनच्या द्राक्षाचे मणी संजीवकं देऊन फुगवत नाहीत. ते बारीक आणि जाड सालीचेच हवेत, कारण लाल वाईनचा रंग सालीतून उतरतो.

राजीव सामंत यांनी नाशिकजवळ 1997 साली सोव्हिन्यॉन ब्लाँ आणि शनँ ब्लाँ ही द्राक्षं लावली, 2000 साली त्यांच्या सुला वायनरीची पहिली वाईन आली. तिथली हवा द्राक्षाला मानवणारी होती, म्हणून ते साधलं. आपल्याच जिल्ह्यात बोर्डीला चिकूची वाईन होते. तिथं मुळात चिकूच उत्तम पिकतो. मला हीच वाट खरी वाटते.

तेव्हा द्राक्षांसाठी वाडीतल्या राजेळी केळींना हात लावू नकोस. बांधावर जांभूळ लाव, त्याचीही वाईन छान होते. द्राक्षं फेब्रुवारीत नाशिकहून आणू, मी बरोबर येईन. आणि पुढंमागं विकायचा विचार असेल, तर आधी उत्पादन शुल्क खात्याचा परवाना काढ.

तुझा,
काका