हिरड्याच्या गावाला

मैत्रिणींनो, भीमाशंकरला जायचा बेत असेल, तर एक सुचवू का? मंचरहून घोडेगावला आलात, की डिंभे धरणापाशी थोडं थांबा. इथून आहुप्याकडे वर चढत जाणारा रस्ता म्हणजे हिरड्याचं माहेर. आपल्या बाळगुटीतला, त्रिफळ्यातला तोच हिरडा!

उन्हाळ्यात इकडची महादेव कोळी कुटुंबं पहाटेच रानात निघतात. पुरुष झाडावर चढून फांद्या झोडतात, खाली बायका-मुली वेचतात. आत कोय धरण्याआधीचं हे कोवळं हिरवं फळ उन्हात वाळलं, की काळं, सुरकुतलेलं होतं. तोच बाळहिरडा. झाडावरच पिकलेला मोठा, पिवळसर तो सुरवारी. वेचायला दिवस जातो आणि वाळल्यावर टोपलीभर फळाचं ओंजळभर उरतं! पावसाळ्याआधीचं धान्य, पोरांच्या वह्या-पुस्तकं याच पैशांवर. म्हणून जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात इथली झाडं मोडली, तेव्हा कित्येक घरांची मिळकतच मोडली. हिरडा काही भाजीसारखा दोन महिन्यांत उगवत नाही; लावलेल्या रोपाला फळ धरायला वर्षानुवर्षं लागतात.

घेताना सबंधच घ्या, पूड नको. काळा, टणक, वजनाला जड आणि भोकं नसलेला पाहा. घरी स्वच्छ पुसून मंद आचेवर चमचाभर तुपात किंवा एरंडेलात परता. टम्म फुगले, की उतरवा, गार करून कुटा, चाळा, थोडं सैंधव घाला आणि कोरड्या बाटलीत भरा. पोट साफ होत नसेल, तर मोठ्या माणसाने रात्री पाव चमचा कोमट पाण्याबरोबर घ्यावं. मात्र रोजची सवय नको.

दिवस गेलेल्या बाईने, जुलाब होत असलेल्याने किंवा फार अशक्त माणसाने हे घेऊ नये. तान्ह्या बाळाला सहा महिने आईचं दूधच पुरे. त्यानंतरही गुटी द्यायची, तर आधी डॉक्टरांना विचारा. शौचातून रक्त पडत असेल, तर हिरड्यावर विसंबू नका.

आणि हो, रानात गेल्यावर आठवण म्हणून फांदी मोडू नका. गावातल्या बाईकडूनच पावशेर विकत घ्या, घासाघीस न करता. तुमची बाटली वर्षभर पुरेल आणि तिची चूलही पेटेल.