नांदगांवांत घर शोधतांना

मुंबईहून भुसावळकडे जातांना मनमाड मागें पडलें कीं थोड्याच वेळांत नांदगांवचें स्थानक येतें. आज तेथें उतरणारा बहुधा त्या तालुक्यांतलाच असतो. पण एके काळीं या फलाटावर देशोदेशींचे प्रवासी उतरत. मनमाडहून तेव्हांच्या औरंगाबादेकडे जाणारा लोहमार्ग १९०० सालीं सुरू झाला. त्यापूर्वीं वेरूळचीं लेणीं पाहावयास निघालेल्या पाहुण्यानें नांदगांवास उतरावें व पुढें टांगा करावा, अशी वहिवाट होती. त्या परदेशस्थांना वेरूळ बिनचूक सांपडे. मला मात्र ह्याच गांवांत दूरच्या नात्यांतल्या एका मावशींचें घर सांपडेना.

पत्त्याचा कागद जवळ होता. मावशींनीं स्वहस्तें लिहिलें होतें : ‘जुनें गांव, देवळामागें, नांदगांव, जि. नाशिक.’ कोणतें देऊळ, हें लिहिण्याचें कारण त्यांना दिसलें नव्हतें. ज्या देवळांत त्या रोज जातात तेंच त्यांच्या लेखीं देऊळ. रिक्षावाल्यानें कागदाकडे पाहिलेंहि नाहीं. “आडनांव काय त्यांचं?” एवढेंच त्यानें विचारलें, आणि मीं तें सांगतांच दुसरा प्रश्न न करतां रिक्षा वळवून मला नेमक्या आळीच्या तोंडाशीं उतरविलें. त्याच्या हुशारीचें मला कौतुक वाटलें. त्यानें आडनांवावरून जात ओळखली आणि जातीवरून आळी, हें ध्यानांत आलें तें रात्रीं अंथरुणावर पडल्यावर.

आमच्यासारख्यांना अशी ओळख सुखाची वाटते, कारण तिच्यामुळें आमचें कधीं कांहीं अडलें नाहीं. पण ज्याला पत्त्यांत ‘महारवाडा’ किंवा ‘मांगवाडा’ लिहावें लागे, त्याचा नोकरीचा अर्ज उघडणारा त्याच्या लायकीच्या आधीं त्याची जात वाची. डिसेंबर २०२० मध्यें महाराष्ट्र शासनानें वस्त्यांचीं असलीं जातिवाचक नांवें काढून त्यांच्या जागीं समतानगर, भीमनगर, ज्योतिनगर, शाहूनगर, क्रांतिनगर यांसारखीं नांवें देण्याचें ठरविलें. पालटावयाच्या नांवांत ब्राह्मणवाडाहि होता. त्यावर आपल्यांतल्या कित्येक घरांतून कुरकुर ऐकूं आली कीं, पिढ्यान्‌पिढ्यांच्या नांवांत वाईट तें काय? मला तो निर्णय योग्य वाटतो. कुरकुर करणारांना आपला पत्ता सांगतांना मान खालीं घालण्याचा प्रसंग कधीं आला नव्हता.

आंकड्याला जात नसते. तेव्हां घराघरांवर क्रमांक लावले कीं सारें भागलें, अशी माझी समजूत होती. सकाळीं मावशींच्या दाराची चौकट पाहिली आणि तीहि ढांसळली. चौकटीवर घरपट्टीचा एक पत्रा, शिरगणतीच्या वेळीं रंगविलेला एक आंकडा, आणि पोलिओचा डोस पाजावयास आलेल्या बाईंनीं खडूनें लिहिलेला एक, तिन्ही निराळे! शेजारच्या दारीं निदान पुढचा आंकडा असेल म्हणून पाहावयास गेलों, तों तेथें भलतीच संख्या. रस्त्यांस नांवें व घरांस क्रमांक देण्याचें काम १९६५ च्या कायद्यानें नगरपरिषदांकडे आलेलें आहे. पण आपल्या बहुतेक गांवांत क्रमांक पडतो तो कर गोळा करण्याच्या सोयीनें, घर शोधण्याच्या सोयीनें नव्हे. हें दुखणें आपल्यापुरतेंच आहे असेंहि नाहीं. मारिया थेरेसा राणीनें १७७० सालीं व्हिएन्नांतील घरांवर आंकडे घातले ते सैन्यांत भरती करण्याजोगे तरुण कोठें राहतात, हें सरकारास कळावें म्हणून. पॅरिस शहरानें १८०५ सालीं रस्त्याच्या एका अंगास सम व दुसऱ्या अंगास विषम, असे ओळीनें क्रमांक लावले, तेव्हां परक्या मनुष्यास कोणाला न विचारतां दार गांठतां येऊं लागलें.

पत्रांपुरतें अर्धें काम एका मराठी गृहस्थांनींच करून ठेविलें आहे. नांदगांवें तरी किती! अमरावतीकडे नांदगांव खंडेश्वर, कोंकणांत मुरुडजवळ एक, कणकवलीकडे आणखी एक, आणि छत्तीसगडांत राजनांदगांव. असला घोटाळा टळावा म्हणून टपालखात्यांतले अधिकारी आणि संस्कृतांत रचना करणारे कवि श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं पिनकोडाची योजना आंखली. ती १५ ऑगस्ट १९७२ पासून अंमलांत आली. ४२३१०६ लिहिलें कीं पत्र ह्याच नांदगांवीं येतें. पुढचीं दोनशें पावलें मात्र पोस्टमनच्या स्मरणशक्तीवर अवलंबून.

आणि पोस्टमन कांहीं रात्रीं दोन वाजतां येत नाहीं. गेल्या हिवाळ्यांत काकांच्या छातींत कळ आली. रुग्णवाहिकेसाठीं फोन केला, पलीकडून पत्ता विचारला, आणि मावशींच्या तोंडून निघालें, “देवळामागं!” शेवटीं शेजारचा मुलगा विजेरी घेऊन हमरस्त्यावर जाऊन उभा राहिला, तेव्हां गाडी आळींत शिरली. काका वांचले.

“पण तो मुलगा आतां पुण्याला शिकायला गेला हो,” मावशी मला म्हणाल्या.

निघण्यापूर्वीं मीं घरपट्टीच्या पावतीवरील क्रमांक, हमरस्त्यापासूनचीं वळणें आणि देवळाचें पुरें नांव मोठ्या अक्षरांत लिहून फोनच्या वर चिकटवून दिलें. घरीं परतल्यावर पत्र पाठविलें तें मुद्दाम घरक्रमांक घालून. मावशींचें उत्तर आलें. पोस्टमननें क्रमांक दोनदां वाचला म्हणे, “हें कुठलं घर?” म्हणून समोरच्यांना विचारलें, आणि मग आडनांव वाचून पत्र मावशींच्या हातांत दिलें.