छतातली खडखड

मंडळी, गाडीच्या छताची गोष्ट सांगतोय. शेवटपर्यंत वाचा, शेवटचं काम आपल्या सगळ्यांचं आहे.

आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. येताना ती मागच्या सीटवर आडवी होते. दिवाळीनंतर तिच्या बरोब्बर डोक्यावर, रूफ लायनिंगच्या आत, खडखड सुरू झाली. सिमेंटच्या रस्त्यावर गप्प, खड्डा आला की सुरू. आई काही बोलायची नाही, नुसते डोळे मिटून घ्यायची. मी मात्र रस्त्याच्या नावाने बोटं मोडायचो. इथेही दोन पोस्टी खरडल्या होत्या, आठवत असतील.

एका गॅरेजमध्ये नेली, तर न उघडताच सांगितलं, "लायनिंग गेलंय, पूर्ण बदलावं लागेल." खर्च ९ हजार.

शोध लागला तो आईमुळे. एकदा वैतागून तिने झोपल्या झोपल्या हात वर केला आणि तळवा छताला टेकवला. आवाज बंद. हात काढला, परत सुरू.

मग रविवारी पुतण्याला मागे बसवलं. आधी चष्म्याचा कप्पा रिकामा केला, डिकीवरचा ट्रे काढून ठेवला, कारण गाडीत आवाज एकीकडे होतो आणि ऐकू भलतीकडूनच येतो. त्याच खड्ड्यांवरून हळूहळू गाडी नेली. तो वीत-वीत अंतरावर छत दाबत गेला. दिव्याभोवती, हँडलपाशी, मग मागे. डिकीच्या दारापासून हातभर पुढे दाबलं की गप्प.

गल्लीतल्या मिस्त्रीने डिकीची रबरी बीडिंग काढली, क्लिपा सोडवल्या, लायनिंग चार बोटं खाली ओढलं आणि टॉर्च मारला. दिवाळीत मीच हौसेने रिव्हर्स कॅमेरा बसवून घेतला होता. त्याची वायर आत मोकळीच सोडलेली. दर धक्क्याला पत्र्यावर आपटत होती. एक क्लिपही तुटलेली. वायरला फोम गुंडाळला, कापडी टेपने जागच्या जागी बांधली, नवी क्लिप लावली. २०० रुपयांत काम झालं. (घरी करणार असाल तर छताला स्क्रू मारू नका, आणि कर्टन एअरबॅग असलेल्या गाडीत कडेच्या पट्ट्या स्वतः उचकटू नका.)

म्हणजे धक्का रस्त्याचा होता, पण ढिलाई माझ्या गाडीतली. पाच महिने शिव्या घातल्या, वर हात लावून एकदाही बघितलं नाही.

हे डोक्यात होतं म्हणून पेट्रोल पंपासमोरच्या खड्ड्याकडे यावेळी नीट पाहिलं. वर्षभरात तीनदा बुजवला, तीनदा उखडला. आपण म्हणतो, डांबरात पैसे खाल्ले. खाल्लेही असतील. पण ऐन एप्रिलात, पावसाचा थेंब नसताना, तिथली खडी ओली आहे. सकाळी नळाला पाणी आलं की तासाभरात खड्डा भरतो, दुपारपर्यंत आटतो. ४ दिवस पाहिलं, रोज तेच. खाली पाइप गळतोय, दुसरं काय!

डांबराचं आणि पाण्याचं हाडवैर. पाणी मुरलं की डांबराची खडीवरची पकड सुटते, वरून चाकं गेली की खडी मोकळी. वर कितीही डांबर ओता, ते नवं लायनिंग लावून वायर तशीच ठेवण्यासारखं. आणि गोष्ट फक्त खड्ड्याची नाही. नळ बंद झाला की पाइपात दाब राहत नाही, मग बाहेरचं घाण पाणी त्याच फटीतून आत शिरू शकतं. शेजारून गटार जातं, हे सांगायला नको. ते पाणी आपल्याच घरात येतं.

वेळा आणि फोटो लावून अर्ज तयार केलाय. मागणी एकच: आधी पाइप, मग डांबर. रविवारी सकाळी ९ वाजता पंपासमोर थांबतोय, सही करायला या. नळ सुटायची वेळ आहे, पाणी कसं चढतं ते डोळ्यांनी बघा.

गाडी आता वाजत नाही. पण पंप जवळ आला की आई अजूनही सीटची कड घट्ट धरते.