खोक्यावरचे वॅट आणि खर्जाची तार

नाशिकला एमजी रोडवरच्या दुकानांत स्पीकर पाहायला गेलं की आधी खोकं बोलतं. पुढच्या बाजूला ज्वाळांचं चित्र आणि त्यात ठसठशीत '२००० वॅट पीएमपीओ'. खोकं फिरवावं. वायर जिथे आत शिरते तिथे करंगळीएवढी पट्टी चिकटवलेली असते: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ४० वॅट. चाळीस खाऊन दोन हजार ओकणारं यंत्र! पीएमपीओ म्हणजे निमिषापुरता, तोही कागदावर काढलेला जोर. तो कसा मोजायचा याचा सर्वमान्य नियमच नाही. यंत्र सतत पेलू शकतं ते वॅट 'आरएमएस' या नावाने, बारीक अक्षरात छापतात. नव्वदीत टू-इन-वनच्या खोक्यांवर या पीएमपीओचं जे पीक आलं, ते पुरतं कापलं गेलंय असं मला अजून वाटत नाही.

डेसिबल मात्र आपल्याला गणपतीने शिकवलं. नाशिकच्या वाकडी बारवेपासून विसर्जन मिरवणूक निघते आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कुठे किती डेसिबल भरले ते छापून येतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ ची मर्यादा आहे. पंचावन्नच्या जागी पंचाहत्तर झाले तर वाचणाऱ्याला वाटतं, वीसच तर वाढले. पण दर दहा डेसिबलला ध्वनीची शक्ती दहापट होते, म्हणजे वीसला शंभरपट. कान दयाळू, त्याला दर दहाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

हे एकदा डोक्यात बसलं की स्पीकरच्या माहितीपत्रकातली सगळ्यात दुर्लक्षित ओळ वाचता येते: सेन्सिटिव्हिटी. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल? एकाचं उत्तर ८५, दुसऱ्याचं ९१. सहाचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजाला पहिल्याला चौपट वॅट लागणार. दिवाणखान्यात रात्री गाणं ऐकताना सरासरी एखादा वॅटच खर्ची पडतो. दोन हजारांची चैन हवी कशाला?

हर्ट्झची गोष्ट मला जास्त आवडते. '८० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' असं लिहिलेलं असतं. गवयाचा सा काळी एकमध्ये असला तर तो सुमारे १३९ हर्ट्झचा, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, सुमारे ६९. म्हणजे हा स्पीकर खर्जाचा मूळ स्वर नीट देणारच नाही. तरी खर्ज ऐकू येतो! तारेतून १३९, २०८, २७८ असे वरचे स्वयंभू स्वरही उमटत असतात. तेवढ्यावरून मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. वरच्या टोकाचं तर बोलूच नये. साठीच्या कानाला २० किलोहर्ट्झ ऐकू येत नाही. नाशिकमध्ये जन्मलेले गायक द. वि. पळुसकर १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तव्यांवर फार वरच्या कंपनांना मुळात जागाच नव्हती. गाणं म्हणून काही उणं वाटत नाही. आणि स्पीकरच्या त्या हर्ट्झच्या आकड्यांपुढे 'अधिक-उणे ३ डेसिबल' ही अट छापलेली नसेल, तर ८० हर्ट्झला आवाज निघतो की नुसती कुजबुज, तेही कळत नाही.

राहिली टीएचडी, म्हणजे यंत्राने पदरचे मिसळलेले जादा स्वर. पुष्कळदा वॅटचा मोठा आकडा दहा टक्के टीएचडी गृहीत धरून दिलेला असतो, म्हणजे आवाज पार फाटल्यावरचा. तंबोऱ्याची जवारीही वरच्या स्वरांचाच खेळ, पण ती मिरजेच्या कारागिराने घोडीवर, तारेखाली दोरा कणकण सरकवत कानाने बसवलेली असते. यंत्राला तो कान नाही. ते त्यात आपलं काही घालू लागलं, की जवारी लगेच चरचरते.

म्हणून मी दुकानात आधी तंबोरा लावायला सांगतो. विक्रेत्याला बासचा दणका दाखवायचा असतो, तो नाइलाजाने लावतो, मिनिटभर कळ काढतो आणि मग विचारतो, "काका, गाणं कधी सुरू होणार?"